डाव्या अंगाला बसणाऱ्या गुरुजींना

गुरुजी,
सादर नमस्कार.

तुम्ही पखवाज शिकवताना समोर न बसता आमच्या डाव्या अंगाला बसता, त्याबद्दल हे पत्र. बाकीही पुष्कळ आहे, ते ओघात येईल.

सिंधुदुर्गात पखवाज वाजवणाऱ्यांची वानवा नाही. वाडीवाडीत भजन आहे, डबलबाऱ्या, म्हणजे दोन बुवांचे भजनाचे सामने, रात्र जागवतात, दशावतारात पायपेटी आणि झांजेच्या जोडीला पखवाज असतोच. पण चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या, कधी टाळही हातात न धरलेल्या माणसाला पहिल्या बोलापासून शिकवणारा मिळणं फार कठीण. तुमच्याआधी जिथे जिथे गेलो, त्यांची नावं काढायची नाहीत. एकाने हाताची बोटं बघूनच सांगितलं, आता हात वळायचा नाही, मुलाला पाठवा. दुसऱ्याने पहिल्याच दिवशी केरवा ताल धरायला लावला, स्वतः चौपट लयीत वाजवून दाखवलं आणि घरी बघायला मोबाइलवर व्हिडिओ पाठवून दिला. आणखी एके ठिकाणी शिकवणी सुरू असताना निम्मा वेळ फोन चालायचा. पैसे गेले त्याचं काही नाही. आपल्याला येणारच नाही असं मनात बसलं, त्याचा राग अजून आहे.

त्यांना वाजवता येत होतं, यात शंका नाही. मोठं माणूस कुठे अडतं ते मात्र ठाऊक नव्हतं. लहान मूल ऐकतं आणि हात हलवतं, चुकलं तर त्याला कळतही नाही. इथल्या माणसाच्या कानावर मात्र तीस-चाळीस वर्षं भजन पडलेलं असतं. कान तयार आणि हात कोरा. त्यामुळे चूक झाली की ती गुरूच्या आधी त्याला स्वतःलाच ऐकू येते. लाज वाटते, खांदा वर चढतो, श्वास कोंडतो, मनगट लाकडासारखं होतं आणि पुढचे चार बोलही जातात. हात वळत नाही म्हणतात तो बहुतेक वेळा असा.

आता तुमच्या बसण्याबद्दल. समोरासमोर बसून शिकवलं की गुरूचा उजवा हात शिकणाऱ्याच्या डाव्या बाजूला दिसतो. प्रत्येक बोल मनात उलटवून घ्यावा लागतो, आणि तेवढ्यात मात्रा, म्हणजे तालातला ठोका, निघून जाते. तुम्ही घोंगडीवर शेजारी, एकाच दिशेला तोंड करून बसता. पखवाज आडवा असतो, त्यामुळे तुम्ही डाव्या अंगाला बसलात की तुमची शाईची, म्हणजे काळा लेप असलेली उजवी बाजू आमच्याकडे येते आणि उजव्या हाताची सगळी बोटं हातभर अंतरावर दिसतात. 'ना' हा बोल वाजवताना तर्जनी कडेवर नेमकी कुठे पडते, 'ते टे' वाजवताना पंजा कुठून कुठे जातो, उलटवायला काही उरत नाही. दीड-दोन महिन्यांनी डाव्या हाताचं काम आलं तेव्हा काही न बोलता तुम्ही उठून उजव्या अंगाला येऊन बसलात, म्हणजे ओली कणीक लावलेली डावी बाजू आमच्याकडे. इतका साधा विचार आधी कुणाला का सुचला नसावा?

पण शेजारी बसण्याचा खरा गुण दुसराच. चूक झाली तरी तुम्ही मान वर करत नाही. तुमचा तळहात मांडीवर टाळी देत राहतो, नजर स्वतःच्या हातावर असते, तोंडाने बोल चालू असतात. थांबवणं नाही, "परत" नाही, तोंडाकडे बघणं तर नाहीच. चुकलेला माणूस दोन मात्रा गप्प बसतो, मोजतो आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन मिळतो. अगदीच गोंधळ झाला तर एवढंच, "घाई कित्याक? सम खंय पळान जाणा नाय." पन्नाशीच्या माणसाला त्या क्षणी कुणी बघत नाहीये, हे कळणं किती मोठं असतं, ते त्या घोंगडीवर बसल्याशिवाय समजत नाही. आज आमच्यापैकी जे टिकलेत, ते त्या न उचललेल्या नजरेमुळे टिकलेत.

तुमची पद्धत इथे थोडी लिहून ठेवतो. कुणाला चांगला गुरू ओळखायचा असेल तर उपयोग होईल.

पहिल्या दिवशी तुम्ही वाद्य दाखवलं नाही, गुडघे विचारले. मांडी घालून किती वेळ बसवतं, कामधंदा काय, खांदा दुखतो का. ज्याचा गुडघा वाकत नाही त्याला खुर्ची दिलीत आणि पुढे वाजवायची वेळ आली तेव्हा पखवाज समोर पाटांवर उंच करून ठेवलात. विकत काही घेऊ नका, तीन महिने थांबा, असंही तुम्हीच बजावलंत. पहिले तीन आठवडे फक्त पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं. चौताल, बारा मात्रा: धा धा दिं ता किट धा दिं ता तिट कत गदि गन. टाळी पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि अकराव्या मात्रेवर, खाली, म्हणजे टाळी न देता नुसता हात, तिसऱ्या आणि सातव्यावर. भजनात चौताल लागतो किती, असं आम्ही विचारलंही. त्याचं कारण पुढे कळलं. भजनाचे ठेके कानात इतके मुरलेले असतात की ते म्हणताना माणूस मोजतच नाही, नुसता वाहून जातो. चौताल अनोळखी, म्हणून मोजावंच लागतं. हातावर टाळी देत जे तोंडाने न अडखळता म्हणता येतं तेच पुढे बोटांत उतरतं. तोंड अडखळलं त्या जागी हातही अडखळतोच, आणि हा पडताळा घरी एकट्यालाही करता येतो.

मग हात. दिं वाजवताना पंजा शाईवर पडून लगेच सुटला पाहिजे, टेकून राहिला की आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, मरते. 'ते टे' मात्र बंद बोल, तिथे हात उडाला की पोकळ आवाज निघतो. मोठ्यांची नेहमीची खोड म्हणजे कोपरापासून ताकद लावणं. त्यावर तुमचा उपाय: कोपर बरगडीला हलकं टेकवायचं आणि त्याच अवस्थेत वाजवायचं. मनगट आपोआप कामाला लागतं. रियाज सकाळी दहा मिनिटं, रात्री दहा मिनिटं, रोज. रविवारी एकदम दोन तास बसणाऱ्याला तुम्ही स्पष्ट नाही म्हणालात, कारण थकलेला हात चुकीचं वळण शिकतो आणि मग ते मोडायला महिना जातो. बरोबरीची लय सलग पाच मिनिटं न हलता धरता आल्याशिवाय दुप्पट नाही, हा नियम तुम्ही कुणासाठीही मोडला नाही.

कणकेचा धडाही तुमच्याकडचाच. याआधी आम्हाला तयार पखवाज पुढ्यात मिळायचा. तुम्ही परात पुढे केलीत. दोन चपात्यांना लागेल एवढी गव्हाची कणीक, चपातीपेक्षा किंचित सैल. मीठ नाही, तेल नाही. मीठ ओल ओढतं, तेलाने कणीक धरत नाही आणि कातड्यात मुरतं. डाव्या पुडीवर, म्हणजे त्या बाजूच्या कातड्यावर, आधी ओलं बोट फिरवायचं, मग कणीक मधोमध ठेवून कडेकडे पातळ करत न्यायची, काठापर्यंत न्यायची नाही. कमी पडली तर आवाज वर चढतो आणि घुमारा येत नाही, जास्त झाली तर नुसता धप्प आवाज. वाजवता वाजवता सुकत आली की पाण्याचं बोट लावायचं. शेवटी ओल्या फडक्याने नरम करून काढायची. सुकलेली ओढून काढली तर कातड्याची साल निघते, चिकटून राहिली तर रात्री उंदीर, झुरळं पुडीच खातात. तुमच्या खळ्यात काढलेल्या कणकेची वाट बघत कोंबड्या उभ्या असतात, हे दृश्य आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहे.

आणि पावसाळा. इथल्या दमट हवेत कातडं ओल धरतं, सैल होतं, सूर उतरतो. नवशिका हातोडी घेऊन गजरा, म्हणजे पुडीच्या काठाची वादीची वीण, ठोकत सुटतो किंवा नटबोल्टचा पखवाज असेल तर पाना फिरवत राहतो. सूर येतो, पण पाऊस सरून ऑक्टोबरचं ऊन पडलं की तेच कातडं आक्रसतं आणि जास्त ताणलेली पुडी फुटते. म्हणून वाजवून झालं की ताण उतरवायचा, सुती कापडात गुंडाळायचं, प्लॅस्टिकमध्ये नाही, कारण आत घाम धरून बुरशी येते. चुलीच्या धगीला तर कधीच धरायचं नाही, शाई तडकते. सूर लावताना एका जागी ठोकलं की समोरच्या जागीही तितकंच ठोकायचं, नाहीतर पुडी एका अंगाला कलते आणि दोन सूर बोलायला लागते. खाऱ्या वाऱ्यात बोल्ट गंजतात, त्यांना तेलाचं बोट. पैसे घेणाऱ्यांपैकी कुणी यातलं एक वाक्य सांगितलं नव्हतं.

आषाढात यायचं आणि गणपतीत वाजवायचं, ही आम्हा सगळ्यांची घाई. तुम्ही कुणाला मोडता घातला नाही. हातात टाळ दिलेत. पहिले गणपती टाळावर, घरोघरच्या आरत्या आणि भजनं टाळावर. त्या दिवसांत किती वेळा मात्रा धरावी लागते ते मोजलं तर वर्षाचा रियाज होतो, आणि चूक झाली तर दहा टाळांत ती विरून जाते. बुवांच्या मागे बसून ठेका कुठे उचलतात, गजरात लय कशी चढत जाते, हे जवळून ऐकायला मिळालं. कमीपणा वाटेल असं काही न करता तुम्ही आम्हाला बरोबर जागी बसवलंत.

गुरुजी, चांगुलपणाबद्दल मोठं काही लिहायला गेलो तर तुम्हाला आवडणार नाही. तरी एवढं लिहितोच. आपल्याकडे अशी माणसं अजून आहेत, रात्री-अपरात्री कुणाची गाय विताना अडली तर कंदील घेऊन येणारी, दुसऱ्याच्या घरची कमतरता दिसूनही न दिसल्यासारखं करणारी. ती फलक लावत नाहीत, म्हणून शोधायला वेळ लागतो. तुमच्यापर्यंत पोचायला आम्हाला वर्षं लागली. तुमचं घर दाखवणाऱ्या त्या चहाच्या टपरीवाल्यालाही आमचा नमस्कार सांगा.

यंदा गणपतीत आमच्यातले दोघे टाळ खाली ठेवून पखवाजावर बसणार आहेत. पहिल्या दिवशीची संध्याकाळची आरती आणि त्यानंतरचे दोन अभंग, एवढंच. कणीक आम्ही मळून आणू. तुम्ही फक्त डाव्या अंगाला बसा.

तुमचे,
सोमवारच्या बैठकीतले सगळे