धूर वेगळा, वाफ वेगळी

नाशिक रोड

प्रिय मिलिंद,
सप्रेम नमस्कार.

ट्रेन सिम्युलेटरसाठी तू कॉम्प्युटरवर बनवलेल्या डब्ल्यूपी या वाफेच्या इंजिनाचा व्हिडिओ पाहिला. निमुळतं नाक, त्यावरचा तारा, चाकांचे दांडे, सगळं सुरेख उतरलंय. फक्त धुराबद्दल तुझ्याशी भांडायचंय. गाडी घोटीला उभी असो, अस्वलीकडे जोर लावत असो की देवळालीत शिरत असो, धुराड्यातून तोच काळा लोट निघतो. एवढ्या मेहनतीच्या मॉडेलला हे शोभत नाही रे.

काळा धूर म्हणजे कोळसा पुरता जळत नाही. नवा कोळसा टाकला की थोडा वेळ तो येणारच, पण आग नीट पेटली की धूर विरळ करडा होतो. आमच्या कॉलनीत एक निवृत्त फायरमन, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारे, काका राहतात. त्यांच्या मते सतत काळा धूर सोडणारा फायरमन कोळसा वाया घालवत असतो. म्हणजे तुझ्या व्हिडिओतल्या फायरमनला मेमो मिळाला असता!

पांढरं दिसतं ते वाफेचं. खरं तर वाफ दिसतच नाही. बाहेरच्या हवेत गार होऊन तिचे थेंब झाले की दिसते. म्हणून सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडाशी थोडी मोकळी जागा ठेव, पांढरा रंग जरा वर सुरू कर. आणि हवामान विसरू नकोस. पौषातल्या पहाटे निफाडकडे हीच वाफ दाट होऊन गाडीमागे रेंगाळेल, वैशाखातल्या दुपारी बघता बघता विरेल. वाफ दाखवणाऱ्या ठिपक्यांचं, म्हणजे कणांचं, पडद्यावरचं आयुष्य ऋतूप्रमाणे कमीजास्त केलंस तरी निम्मं काम होतं.

आता फटक्यांचं. दोन सिलिंडरचं इंजिन चाकाच्या एका फेरीत चार वेळा वाफ सोडतं, दर वेळी एक ‘झुक’, म्हणजे एक फटका. तीच वाफ धुराड्यातून वर जाताना आगीतून हवा ओढते, त्यामुळे इंजिन जितकं जोरात ओढेल तितकी आग फुलते. डब्ल्यूपीचं मोठं चाक १७०५ मिमीचं. ताशी १० किमी वेगाला सेकंदाला साधारण दोन फटके पडतात, ६० ला बारा. बारा फटके डोळ्याला सुटे दिसत नाहीत, तिथे सलग लोट चालेल. पण गाडी सुटतानाचा प्रत्येक फटका वेगळा दिसायलाच हवा, आणि आवाज त्याच क्षणी यायला हवा. सगळा जीव तिथे ओत.

सुटताना सिलिंडर कॉक उघडे असतात, आत साचलेलं पाणी बाहेर काढायला. त्यामुळे पुढच्या चाकांपाशी दोन्ही बाजूंना जमिनीलगत वाफेचे झोत निघतात. प्लॅटफॉर्मवरच्या माणसाला आधी तेच दिसतात, आणि तुझ्याकडे ते नाहीतच. थोडं अंतर गेलं की बंद कर.

रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरकडे वाफ सोडणारी झडप, बंद केला की फटके थांबतात. मग ब्लोअरच्या, म्हणजे धुराड्याखालच्या छोट्या झोताच्या, वाफेवर धूर जेमतेम वर जातो, आळसावल्यासारखा. देवळालीत शिरताना एवढंच हवं.

जागा ठरवायला इंजिनाच्या फाईलमध्ये प्रत्येक झोतासाठी सात आकडे असतात: पहिले तीन जागेचे, पुढचे तीन दिशेचे, शेवटचा तोंडाच्या रुंदीचा. जागा मीटरमध्ये मोजायची. तुझा धूर धुराड्याच्या मागून निघतो, म्हणजे तिसरा, पुढे-मागे जागेचा, आकडा कमी पडलाय. थोडा पुढे सरकव.

इगतपुरीच्या खाली मात्र हे इंजिन नेऊ नकोस. थळ घाटाचा चढ ३७ ला १, आणि तिथे १९३० च्या सुमारास विजेची इंजिनं आली. डब्ल्यूपी आली १९४७ साली. तिचं राज्य इगतपुरीपासून इकडेच.

फाईल पाठव. कॉकचे झोत मी बसवून देतो, फटके तू कर; तुझा हात त्यात माझ्यापेक्षा चांगला आहे. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
सुहास