शब्द काळजात उतरले. कानाला मात्र भेटले नाहीत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातलं चित्रपट परीक्षण वाचलं. शेवटच्या प्रसंगाबद्दल आपले समीक्षक लिहितात, 'इथला प्रत्येक शब्द थेट काळजात उतरतो.' उतरत असेल. फक्त उतरण्यापूर्वी तो कानावरून गेला होता का, एवढंच विचारायला हे पत्र. कारण परवा आम्ही घरचे सहा जण तोच चित्रपट बघून आलो आणि त्या प्रसंगातला एकही शब्द आमच्यापैकी कुणाला धड ऐकू आला नाही.

प्रसंग आपल्याला ठाऊकच आहे. दोन भावांनी बारा वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. का, ते अडीच तास कुणी सांगत नाही. शेवटी थोरला रुग्णालयात अंथरुणावर, धाकटा उशाशी. आता कळणार म्हणून आमची अख्खी रांग पुढे सरकून बसली. थोरल्याच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. तो मास्क बाजूला करतो, तेवढ्यात वीसेक व्हायोलिनं एकदम सुरू होतात. ओठ हलतात. धाकट्याच्या डोळ्यांतून पाणी. पडदा काळा. नामावली.

दिवे लागले तेव्हा अर्धं प्रेक्षागृह शेजाऱ्याला विचारत होतं, "काय म्हणाला?"

मेव्हण्यांनी ऐकलं, 'पत्र मी जाळलं.' आमच्या सौ.नी ऐकलं, 'पुत्र मी पाळला.' मला 'सत्र मी टाळलं' असं काहीसं वाटलं, पण त्याला अर्थ लागत नाही, म्हणून मी गप्प बसलो. बाकीचे दोघं बहुमताच्या बाजूला जायला तयार होते, बहुमतच होत नव्हतं. आता बघा, पत्र जाळलं असेल तर थोरला खलनायक ठरतो आणि धाकट्याचा बारा वर्षांचा राग रास्त ठरतो. पुत्र पाळला असेल तर मध्यंतरानंतर तीनदा दिसणारा तो सायकलवाला मुलगा कोण, याचा उलगडा होतो आणि थोरला देवमाणूस ठरतो. म्हणजे एकाच तिकिटात आम्ही दोन वेगळे चित्रपट बघून आलो. घरी येईपर्यंत यावरून वाद. सौ. अजून माघार घेत नाहीत.

आणि आपले समीक्षक! एरवी खुनी कोण हे दुसऱ्या परिच्छेदात सांगून मोकळे होतात. गेल्या महिन्यात त्यांच्या कृपेने एका रहस्यपटाचं तिकीट वाचलं, त्याबद्दल मी ऋणी आहे. या वेळी मात्र 'शेवटचं वाक्य प्रेक्षकांनी स्वतःच अनुभवावं' म्हणून हात झटकले. ही सभ्यता नेमकी याच चित्रपटाला कुठून सुचली? मला दाट संशय आहे की त्यांनाही ते ऐकू आलेलं नाही.

'आजोबा, कान तपासा' असं कुणी म्हणायच्या आत सांगतो, तपासलेत. तीन महिन्यांपूर्वीच. माझ्या वयाला शोभण्यापेक्षा बरे आहेत, असं डॉक्टर म्हणाले. शिवाय आमच्याबरोबर बावीस वर्षांची भाची होती. तिलाही कळलं नाही, पण तिला त्याचं काही वाटलंही नाही. "मामा, मी घरी आपल्या भाषेतला सिनेमासुद्धा खाली अक्षरं लावूनच बघते," म्हणाली. आपल्याच भाषेतला! हे ऐकून मला चित्रपटापेक्षा जास्त वाईट वाटलं. १९२७ मध्ये पूर्ण लांबीच्या चित्रपटातली पात्रं पहिल्यांदा पडद्यावर बोलली म्हणून केवढं कौतुक झालं होतं. शंभर वर्षं होत आली आणि आपण पुन्हा ओठांकडे बघून अंदाज बांधतोय. मूकपटात निदान मध्ये पाटी तरी यायची.

मध्यंतरात मी आवाज वाढवा म्हणून सांगायला गेलो होतो, हेही नोंदवून ठेवतो. दारावरच्या मुलाने व्यवस्थापकांना बोलावलं. माणूस सज्जन होता. म्हणाला, "काका, दुपारच्या खेळाला एका कुटुंबाने फार मोठा आवाज म्हणून तक्रार केली, तेव्हा कमी केला." मी विचारलं, तक्रार चित्रपटाच्या आवाजाची होती की आधीच्या जाहिरातींच्या? त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "जाहिरातींच्या असेल." मग वाढवा ना आता! "बघतो," म्हणाला. आपण सगळे 'बघतो'चा अर्थ जाणतो.

माझा एक शाळासोबती आयुष्यभर प्रोजेक्टर चालवत होता. त्याला रात्री फोन केला, तेव्हा त्याने सगळं समजावलं. आपल्या समीक्षकांनाही उपयोगी पडेल म्हणून लिहितो. चित्रपटाचा आवाज ज्या स्टुडिओत अंतिम मिसळला जातो, तिथे आणि चित्रपटगृहात आवाजाची कळ एकाच आकड्यावर असावी असा संकेत आहे. तो आकडा ७. त्यावर चाचणीचा खरखराट लावला तर पडद्यामागच्या एकेका स्पीकरचा आवाज ८५ डेसिबल भरावा, असं यंत्र जुळवून ठेवलेलं असतं. दिग्दर्शक त्या ७ वर बसून ठरवतो की मरणाऱ्या माणसाची कुजबुज किती हळू ठेवायची. इकडे जाहिराती आणि ट्रेलर कानठळ्या बसवतात, कुणीतरी उठून ओरडतं, कळ ५ वर येते, कधी ४ वर, आणि मुख्य चित्रपट सुरू झाला तरी तिथेच राहते. ७ वरून ४ वर आलं की १० डेसिबल गेले; कानाला आवाज निम्म्यावर आल्यासारखा वाटतो. बंदुका ४ वरही ऐकू येतात. जाते ती कुजबुज.

दुसरी गंमत अशी की भिंतींवर, मागे, डोक्यावर, जिकडे बघावं तिकडे स्पीकर. नव्या पद्धतीत ६४ पर्यंत निरनिराळे आवाज निरनिराळ्या स्पीकरना देता येतात म्हणे. परवा पाऊस माझ्या डाव्या खांद्यामागून आला आणि उजव्या गुडघ्यापाशी पडला, मी पायसुद्धा आत घेतला. माणसाचं बोलणं मात्र बहुतेक वेळ पडद्यामागच्या मधल्या एकाच स्पीकरवर सोपवलेलं. तो एक बिचारा कण्हत असला तर बाकीच्या सगळ्यांनी मिळून फक्त पाऊस पाडायचा.

हा मित्र कामावर होता तेव्हा रीळ वीसेक मिनिटांचं असायचं. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर क्षणभर टिकली उमटली की दुसरं यंत्र सुरू करायचं, दुसरी टिकली आली की बदली करायची. म्हणजे निदान दर वीस मिनिटांनी एक माणूस खिडकीतून पडद्याकडे बघायचाच. आवाज बसला, चित्र पुसट झालं, की प्रेक्षक ओरडायचे आणि तो ऐकायचा. आता चित्रपट हार्ड डिस्कवर येतो, वेळापत्रक संगणकात भरलेलं असतं, दिवे आपोआप विझतात आणि खिडकीमागे कुणी नसतं. ओरडून बघा, रिकाम्या खोलीला ऐकू जाईल.

सगळा दोष चित्रपटगृहांवर टाकत नाही. नट हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात आणि त्याला सहज अभिनय म्हणतात. दिग्दर्शकाने ते वाक्य लिहून घेतलेलं, चित्रित केलेलं, संकलनाच्या टेबलावर शंभरदा ऐकलेलं. त्याला ते पाठ असतं, म्हणून त्याला ते ऐकू येतं! शेवटच्या दिवशी रस्त्यावरच्या एखाद्या अनोळखी माणसाला आत बसवावं आणि विचारावं, काय म्हणाला हा? पत्र की पुत्र? एवढी साधी परीक्षा कुणाला सुचू नये?

आता विषय निघालाच आहे, तर या महिन्यात पाहिलेल्या बाकीच्यांबद्दलही दोन शब्द. तो युद्धपट, ज्याला आपण साडेतीन तारे दिलेत (अर्धा तारा आकाशात कुठे असतो, एकदा दाखवा), त्यातली रात्रीची लढाई चाळीस मिनिटं चालली. आमच्या पडद्यावर फक्त रात्र चालली. पांढऱ्या पडद्यावर ४८ 'निट' (हे उजेडाचं माप) उजेड हवा, असं प्रमाण आहे म्हणे. दिवा म्हातारा झाला, किंवा त्रिमिती चित्रपटाचं भिंग साध्या चित्रपटालाही पुढे तसंच राहिलं, की त्यातला बराचसा उजेड वाटेतच संपतो. कोण कुणाला मारतंय हे मला शेवटच्या पुष्पचक्रावरून कळलं. दिवसाचे प्रसंग चांगले होते, तो घोडेवाला म्हातारा तर फारच छान. तिसरा चित्रपट तीन तास बघितला आणि शेवटी 'भाग दुसरा लवकरच' अशी पाटी. ही पाटी तिकीट खिडकीवर का लावत नाहीत?

आणि चौथा. त्या शिक्षिकेवरचा, लहानसा, पावणेदोन तासांचा. त्यात फारसं काही घडत नाही. एक बाई निवृत्तीच्या दिवशी कपाट आवरते. पण ती पुटपुटली तरी ऐकू आलं, गप्प बसली तेव्हा तिच्या घड्याळाची टिकटिकसुद्धा ऐकू आली. कपाटात तळाशी जप्त केलेली एक गोट्यांची पिशवी सापडते आणि ती कुणाची हे तिला आठवत नाही, तिथे मी चष्मा पुसला. प्रेक्षागृहात आम्ही नऊ जण होतो. आपण त्या चित्रपटाला सहा ओळी दिल्यात, दोन तारे दिलेत आणि 'संथ' म्हणालात. सोमवारी तो उतरलासुद्धा. याचा मला राग आहे आणि तो व्हायोलिनांपेक्षा मोठा आहे.

तर विनंती अशी. समीक्षकांना निर्मात्यांच्या खास खेळाला पाठवणं थांबवा. तिथे दिवा नवा असतो, कळ ७ वर असते आणि दिग्दर्शक स्वतः दाराशी उभा असतो. त्यांना रविवारी संध्याकाळच्या खेळाला, आमच्यासारखं तिकीट काढून, बाजूच्या रांगेत बसवा. आणि ताऱ्यांच्या खाली एक ओळ छापा: 'ऐकू आला' किंवा 'नाही'. 'दिसला' किंवा 'नाही'. बाकी समीक्षा त्यांनी खुशाल काळजाने करावी.

हे पत्र छापलंत तर पूर्ण छापा. मागच्या वेळी माझ्या पत्रातली तक्रार कात्रीत गेली होती आणि 'आपली पुरवणी वाचनीय असते' एवढंच उरलं होतं.

कळावे,
आपला,
तिकीट काढून जाणारा एक वाचक

ता. क. : पुरवणी वाचनीय असते, पण करड्या पट्टीवर पांढरी बारीक अक्षरं छापायला लागल्यापासून ती वाचता येत नाही. कालचं परीक्षण मी खिडकीत नेऊन भिंगाने वाचलं. 'थेट काळजात' हे शब्द सौ.नी 'थेट कागदात' असे वाचले होते आणि त्यावरून त्या म्हणाल्या, "बघा, म्हणजे पत्रच!" पाच मिनिटांनी त्या पुन्हा पुत्रावर आल्या. कृपया समीक्षकांना एकदा खासगीत विचारून मला एका ओळीत कळवावं. वाक्य फोडल्याबद्दल मी कुठेही तक्रार करणार नाही.