गाडीचं विचारलंस म्हणून

पुणे,
रविवार दुपार

प्रिय पक्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "हायब्रिड घेऊ की साधी ऑटोमॅटिक?" फोनवर उत्तर दिलं असतं तर मायलेजचा आकडा सांगून मोकळा झालो असतो. पण तुला गाडी अण्णांसाठी घ्यायची आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून सवडीने लिहायला बसलोय.

आमच्या टोयोटा हायरायडरला आता दोन वर्षं होतील. स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्हींवर चालणारी. मारुतीची ग्रँड व्हिटारा तिची सख्खी बहीण. दोघी २०२२ साली बाजारात आल्या आणि दोघींच्या आतली हायब्रिड यंत्रणा एकच. तेव्हा मी लिहितोय ते दोन्हींना लागू धर.

आधी आईचं सांगतो. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाल्यापासून जुन्या हॅचबॅकमध्ये बसायचं म्हणजे तिला खाली खोल उतरावं लागायचं, आणि उतरताना तर मी नि ही, दोघांनी धरून उठवायचो. या गाडीची सीट तिच्या कमरेपाशी येते. ती पाठमोरी होऊन आधी टेकते, एका हाताने वरचं हँडल धरते आणि मग एकेक पाय उचलून आत घेते. मी हात पुढे केला तर "राहू दे रे" म्हणते. हे "राहू दे" ऐकलं त्या दिवशी गाडी घेतल्याचं समाधान झालं मला. मायलेज वगैरे सगळं नंतरचं.

दुसरं म्हणजे तिला गाडी लागायची. चिपळूणला निघायचं तर आदल्या रात्रीपासून जेवण बंद, पर्समध्ये आवळासुपारी नि लिंबू. उंब्रजला हायवे सोडून पाटणच्या रस्त्याला लागलं की ती डोळे मिटून घ्यायची ते थेट चिपळूण येईपर्यंत. आता कोयनानगरला उतरून चहा घेते. या गाडीत गिअर बदलण्याचा झटका नाही, कारण बदलायला गिअरच नाहीत. पंधराशे सीसीचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर, दोघांचा जोर दातेरी चक्रांच्या एकाच जुळणीतून चाकांकडे जातो. क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही. हळू चालताना मोटर ओढते, जोर लागला की इंजिन मदतीला येतं आणि ब्रेक दाबला की मोटरच जनित्र होऊन बॅटरी भरते. घरी प्लग लावायची भानगडच नाही. बॅटरी लहानशी आहे, जेमतेम पाऊण युनिटची. इलेक्ट्रिक गाडीत तीस-चाळीस युनिटची असते, यावरून अंदाज घे. नुसत्या बॅटरीवर एका दमात फार तर एक-दीड किलोमीटर. पण ती सारखी भरते, सारखी रिकामी होते, त्यातच सगळी गंमत आहे. स्क्रीनवर बाण दिसतात ते बघत लेक मागून ओरडते, "बाबा, आता बॅटरी जेवतेय!"

कुंभार्ली घाटातलं मात्र आधीच सांगून ठेवतो, नाहीतर माझ्यासारखा घाबरशील. पोफळीकडे उतरताना मी लिव्हर 'बी'वर, म्हणजे उतारावर गाडी जास्त धरून ठेवणाऱ्या जागी, टाकला होता. निम्म्या घाटातच बॅटरीच्या सगळ्या पट्ट्या भरल्या, आणि एकाएकी इंजिन मोठ्याने घोंघावायला लागलं. पाय तर अॅक्सिलरेटरवर नव्हताच. गाडी बिघडली असं वाटून मी बाजूला घेतली. खाली धुकं, मागे एसटीचा हॉर्न, आईचा जप सुरू. नंतर कळलं की बॅटरीत जागा उरली नाही की उतारावरची जादा वीज इंजिन नुसतंच फिरवण्यात खर्ची पडते. पेट्रोल जळत नाही, गाडी तेवढी धरून ठेवली जाते. आता तो आवाज आला की मला उलट धीर वाटतो. चढावर मात्र तिचा दम दिसतो. पाच माणसं आणि सामान घेऊन खंबाटकी चढताना जोर दिला की इंजिन ओरडतं, वेग मागाहून येतो. ओव्हरटेक करायचं तर आधीपासून बेत आखावा लागतो.

आता पैशाचं. कंपनीचा आकडा लिटरला २७.९७ किलोमीटरचा. टाकी फुल ते फुल असा हिशेब मी वहीत लिहितो. सिंहगड रस्त्यावरच्या संध्याकाळच्या कोंडीतही मला २२ मिळतात, आणि हायवेला शंभरच्या वेगाने १९-२०. उलटं वाटेल, पण थांबत-थांबत चालण्यातच हिची कमाई आहे. आम्ही महिन्याला अकराशे किलोमीटर फिरतो, म्हणजे ५० लिटर. याच गाडीची हायब्रिड नसलेली साधी ऑटोमॅटिक शहरात १४ देते असं धरलं तर ७९ लिटर लागले असते. वाचले २९ लिटर, म्हणजे महिन्याचे तीन हजार. आणि किमतीत फरक अडीच-तीन लाखांचा. तो निघायला सात-आठ वर्षं लागतात. तुझं तर रोजचं जाणं मोकळ्या रस्त्यावरचं, तुला आणखी उशीर लागेल. पेट्रोल वाचवायला म्हणून घेऊ नकोस, हे स्पष्टच सांगतो.

एक फजिती झाली, तीही सांगतो. मोठ्या बॅटरीखेरीज हिच्यात नेहमीची बारा व्होल्टची बॅटरी असतेच. मी बाहेरच्या एका दुकानातून डॅशकॅम बसवून घेतला आणि त्याने तो गाडी बंद असतानाही चालू राहील असा जोडला. आम्ही तीन आठवडे गावी राहिलो. परत आलो तर गाडी मुकी. दार किल्लीने उघडावं लागलं, गाडी निघायला तयार असल्याचा 'रेडी'चा दिवा काही लागेना. मोठी बॅटरी भरलेली असली तरी ही छोटी मेली की सगळं ठप्प. आणि त्याच दिवशी आईला डॉक्टरांकडे न्यायचं होतं. पावसात रिक्षा शोधत उभी राहिली बिचारी. दुसऱ्या गाडीवरून जंप दिला, दोन मिनिटांत चालू झाली, पण तो दिवस मी विसरलेलो नाही. तू वायरिंगला कुणाला हात लावू देऊ नकोस.

आणि आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. हायब्रिडची बॅटरी डिकीखाली बसते, त्यामुळे डिकी लहान होते. साध्या मॉडेलला ३७३ लिटर आहे, हायब्रिडला त्याहून बरीच कमी. आमचं भागतं. आईचा वॉकर घडी करून उभा राहतो, दोन बॅगा बसतात, तांदळाची गोणी मात्र पायाशी घ्यावी लागते. पण अण्णांची व्हीलचेअर? मी मागच्या दिवाळीत ती घडी करून तुझ्या गाडीत ठेवली होती. चाकं मोठी आहेत, पाय ठेवायच्या पट्ट्या बाहेर येतात. मला अजिबात खात्री वाटत नाही. मागची अर्धी सीट पाडून ती बसेलही, पण मग वहिनी नि मुलं कुठे बसणार?

म्हणून असं कर. शोरूमला एकटा जाऊ नकोस. अण्णांना आणि त्यांच्या खुर्चीला घेऊन जा. सेल्समन मायलेज सांगायला लागला की त्याला थांबव, डिकी उघडायला लाव आणि खुर्ची स्वतः ठेवून बघ, दार पूर्ण लागतं की नाही ते. मग अण्णांना दोनदा चढ-उतार करू दे, घाई न करता. खुर्ची मावली तर हायब्रिड घे, शांतपणा अण्णांना आवडेल. नाही मावली तर साधी ऑटोमॅटिक घे, सीटची उंची तिचीही तेवढीच आहे.

शनिवारी मला सुट्टी आहे. म्हणालास तर पहाटे निघून नाशिकला येतो, माझ्याच डिकीत आधी ठेवून बघू. आईसुद्धा यायचं म्हणतेय, अण्णांशी बोलून वर्ष झालं तिचं. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
नंदू