चाचणी असेल तर रुग्णाकडून पैसे कसले?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मी सर्जिकल वॉर्डातून निवृत्त झालेली परिचारिका. सध्या कळवा-विटावा भागात घरोघरी ड्रेसिंगला जाते. अलीकडे शुगरमुळे गुडघ्याखाली पाय कापलेल्या एका रिक्षावाल्या भाऊंकडे गेले होते. स्टंपच्या, म्हणजे कापून उरलेल्या पायाच्या टोकाच्या, टाक्यांची एक कड काळी पडलेली, गॉज ओलसर. त्यांच्या मुलाने एका खासगी क्लिनिकचा कागद पुढे केला. स्टेम सेलचं, म्हणजे मूळ पेशींचं, इंजेक्शन, जखम भरायची खात्री, खर्च पावणेतीन लाख. परमिटसकट रिक्षा विकायची बोलणी सुरू होती.

ही माणसं का घाबरतात ते मला ठाऊक आहे. गुडघा राहिला तर कृत्रिम पायावर चालणं कितीतरी सोपं जातं. जखम चिघळली तर पुन्हा ऑपरेशन, आणि तेव्हा पाय बहुधा मांडीतून जातो.

स्टेम सेलची कल्पना खोटी नाही. अस्थिमज्जेतल्या पेशी स्नायूत टोचायच्या, त्यांच्यातून पाझरणाऱ्या द्रव्यांनी बारीक रक्तवाहिन्या वाढाव्यात, जखमेपर्यंत रक्त पोचावं, असा तो विचार आहे. बंगळुरूच्या स्टेमप्युटिक्स या कंपनीच्या अशा औषधाला २०२० मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगीही मिळाली. पण ती बर्गर आजारात (हातापायांच्या रक्तवाहिन्या सुजून बंद होतात तो आजार) किंवा रक्तवाहिन्या चोंदल्याने पायाला रक्त पोचत नाही अशा रुग्णांचा पाय वाचवण्यासाठी. कापल्यानंतरची जखम भरण्यासाठीचा हा उपचार अजून संशोधनातच आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असा उपचार फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो आणि त्याचे पैसे रुग्णाकडून घेता येत नाहीत. २००९ पासून औषधाच्या प्रत्येक चाचणीची सीटीआरआय या सरकारी चाचणी-नोंदवहीत नोंद सक्तीची आहे. ती कुणालाही ऑनलाइन फुकट पाहता येते.

त्या कागदावर नोंदणी क्रमांक नव्हता. मुलाने फोन करून विचारला, तर समोरून 'आधी ॲडव्हान्स भरा' एवढंच उत्तर आलं. मी त्यांना आधी डॉपलर (रक्तप्रवाह पाहायची सोनोग्राफी) करून रक्तवाहिन्यांच्या सर्जनला दाखवायला सांगितलं. रक्तपुरवठाच अडला असेल तर नुसत्या ड्रेसिंगने काय होणार?

माझी कळकळीची विनंती आहे. स्टेम सेलची बातमी किंवा जाहिरात छापताना तो उपचार कोणत्या आजारासाठी मान्य आहे आणि चाचणी असेल तर तिचा नोंदणी क्रमांक काय, हे सोबत छापावं. आणि अन्न व औषध प्रशासनाने ठाणे-नवी मुंबईतल्या अशा क्लिनिकांची तपासणी करावी. असे कागद आज कितीतरी घरांत पोचत असतील.

एक निवृत्त परिचारिका,
विटावा, ठाणे