मागच्या रांगेविषयी

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

मंगळवारी रात्री फोनवर जे बोललो, त्याविषयी लिहीत आहे. तू समलिंगी आहेस म्हणून ज्यांनी पठणाच्या वेळी तुझ्या हातातून धर्मग्रंथ काढून घेतला त्यांच्याच दारात पुन्हा कशाला जातोस, असे मी ओरडलो आणि तू फोन ठेवलास. तू पुढे बसून पठण करायचे नाही, मागे बसलास तर हरकत नाही, हे त्या मंडळींचे औदार्य मला अजूनही पचत नाही. तू मात्र दर आठवड्याला जातोस, शेवटच्या रांगेत बसतोस आणि एकटाच बाहेर पडतोस. बाहेर कोणी अडवले तर? पण हा विषय मी पत्रात काढणार नव्हतो.

मी देव मानत नाही आणि तू मानतोस, हे घरात कधी लपलेले नव्हते. माणसाला पापी ठरवते ती श्रद्धा आणि मोकळे करते ते विज्ञान, हे माझे ठरलेले वाक्य त्या रात्रीही मी ऐकवले. "बाबा, मला डॉक्टरकडे कोणी नेले होते?" एवढेच तू विचारलेस. माझा आवाज चढला तो त्यानंतर, कारण उत्तर नव्हते.

तू सतरा वर्षांचा होतास. बाहेरच्या बाकावर बसून तू नंबराच्या चिठ्ठीच्या घड्या घालत होतास, ती नखाएवढी होईपर्यंत. आत त्या गृहस्थांनी औषधाने आणि निर्धाराने 'हे जाईल' असे सांगितले, आणि मी, आयुष्यभर पुरावा मागणारा माणूस, मान हलवत राहिलो. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्येच समलैंगिकता विकारांच्या यादीतून काढली होती आणि जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी, म्हणजे तुझ्या जन्माच्याही आधी. हे शोधायला मला एक संध्याकाळ पुरली असती. तुझी आई आली नव्हती. आम्ही परतलो तेव्हा तिने तुला फक्त "जेवतोस ना?" असे विचारले आणि रात्री मला म्हणाली, "ज्याने घडवला त्याला मी विचारीन, तुम्ही डॉक्टरला विचारू नका." तिचे काय आणि कसे बोलणे झाले ते तिने कधी सांगितले नाही, पण दुसऱ्या दिवसापासून तिची भीती गेलेली होती. माझी अजून गेलेली नाही.

तू दक्षिण आफ्रिकेतील ख्रिस्ती धर्मगुरू डेस्मंड टुटूंचा दाखला दिलास. समलिंगी माणसांचा द्वेष करणाऱ्या स्वर्गात आपण जाणार नाही, असे त्यांनी २०१३ मध्ये केपटाउनला जाहीरपणे सांगितले, आणि ते निवृत्त आर्चबिशप, म्हणजे चर्चमधले वरिष्ठ धर्मगुरू, होते. एक टुटू म्हणजे धर्म नव्हे, असे मी उत्तर दिले. वास्तविक एक डॉक्टर म्हणजे विज्ञान नव्हे, हेच मी स्वतःला इतकी वर्षे समजावत आलो आहे. ती सवलत मला चालते आणि तुला चालू नये, असा माझा हट्ट.

तुझ्या मित्राचीही मला क्षमा मागायची आहे. तो ट्रान्स पुरुष आहे, म्हणजे जन्मवेळी मुलगी म्हणून नोंद झालेला पुरुष, आणि मी परवा त्याच्यासमोरच "ती कधी आली?" असे विचारले. आपल्या भाषेत क्रियापदामागे लपायला जागा नाही, चूक लगेच उघडी पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात लिंगओळखीचा विषय मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर काढला आहे, तेव्हा त्या मंडळींनी निदान त्याला त्याच्या नावाने हाक मारावी, असे तू त्यांना ठणकावून सांगायला हवेस. पाहा, पुन्हा शिकवू लागलो. तू काय सांगायचे ते तुला कळते. मला न कळणाऱ्या श्रद्धेने तुला माझ्याहून धीट केले आहे, आणि त्याचा मला अभिमान वाटतो, थोडा रागही येतो.

तरीही एकटा परतू नकोस. येत्या वेळी मी येतो. हात जोडणार नाही, आणि कोणी विचारले तर खोटेही बोलणार नाही; तुझ्या शेजारी बसेन आणि तुझ्याबरोबर बाहेर पडेन. आईचा ग्रंथ आणू का? पानांच्या कडा तिच्या अंगठ्याने काळ्या झालेल्या आहेत, तुला चालतील. किती वाजता सुरू होते ते कळव.

तुझे,
बाबा