यंदा गच्चीवर वाळवण नको

प्रिय आई-बाबा,

फोनवर विषय काढला की आई 'बघू की' म्हणून भाजीवाल्याला हाक मारते, म्हणून लिहितोय. फ्रीजर घेतलाय. छोटाच आहे, शनिवारी घरी येईल, पैसे भरून झालेत, त्यामुळे बाबा, परत पाठव म्हणू नका. लाईट बिल मी भरणार. उधळपट्टी नाही हो ही, आईचा गुडघा आणि त्या बिनकठड्याच्या पायऱ्या, मला इथं पुण्यात झोप लागत नाही. सोलापूरचं ऊन, चार दिवसांनी येणारं पाणी, त्यात गवार धुवा, उकळा, वर न्या, संध्याकाळी खाली आणा, कशाला?

तुझ्या हाताला नावं ठेवत नाहीये आई. कुरडयांवरचे कावळे हाकलायला मला बसवायचीस आणि मी अर्धा चीकच संपवायचो, तरी ओरडायची नाहीस. ती चव फ्रीजरला येणार नाही, माहितीये.

आता ऐका. मटार स्वस्त आहे तोवरच घ्या, उन्हाळा लागला की महाग होतो. सोलून उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच गार पाण्यात, मग फडक्यावर अगदी कोरडा करून छोट्या पिशव्यांत, एका वेळेला लागेल तेवढाच. लाईट गेली तर सारखं झाकण उघडून बघायचं नाही, भरलेला फ्रीजर बंद ठेवला तर दोन दिवस तग धरतो.

बाबा, मार्केट यार्डात लाल कांद्याचा भाव पडला की तुम्ही पोतं उचलता आणि महिन्याभरात घरभर वास. लाल टिकत नाही. उन्हाळी निघू दे, माना वाळलेला बघून एकच पोतं घ्या, तेही घरपोच, खांद्यावर नाही. पलंगाखाली पसरा, बटाटे लांब अंधारात ठेवा. आणि सांडगी मिरची रोज नको, बीपीची गोळी घेऊन वर मीठच खायचं तर गोळी कशाला? आठवड्यातून एक चालेल, अगदीच बंद म्हणत नाही.

गवार वाळवायचीच असेल तर अंगणात, खाटेवर, थोडीच. त्यातली मूठभर मला ठेव. इकडे दाण्याचं कूट घालून करतो आम्ही पण तशी होत नाही, सुनेला सांगू नको.

तुमचा,
बाळू