एका कागदावर चार ऋतू

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

पार्सलमध्ये रबरी रोलर, चार अ‍ॅक्रिलिक रंग, त्यात मिसळून ते विरळ करायचं पारदर्शक मीडियम आणि २०० जीएसएमचे सहा कागद आहेत. सहाही एकदम सुरू करा, दोन तरी बिघडतातच. एकाच कागदावर वर्षभरात पानांचे चार ठसे घ्यायचे, फिकटावर गडद. बाबा, शाळेतले पोस्टर कलर काढू नका; वरचा थर पडला की खालचा भिजून पसरतो. अ‍ॅक्रिलिक एकदा वाळलं की हलत नाही.

पहिला ठसा याच श्रावणात, पळसाचा. जून पान वर्तमानपत्रात घालून जड पुस्तकाखाली दोन-तीन तास ठेवा. ताज्या पानाला दाबलं की पाणी सुटतं, कडक वाळलेलं चुरतं. मलूल झालेलं हवं. काचेवर एक चमचा पिवळा आणि तीन चमचे मीडियम कालवा. पाणी घालायचं नाही, रंग कडेनं ओघळतो. रोलर फिरवताना बारीक चरचर ऐकू आली की थर बरोबर पातळ झाला. पचपच आवाज आला तर रंग जास्त, शिरा बुजणार. रंग पानाच्या मागच्या बाजूला लावा, शिरा तिथंच उठून असतात. पान चिमट्यानं कागदावर टेकवा, वर कोरा कागद ठेवा आणि वाटीच्या बुडानं मधून कडेकडे चोळा. आई, तुझी बोटं दुखतात म्हणून वाटी. एकदा टेकवलेलं पान सरकवलं तर ठसा दुहेरी येतो.

पुढचे ठसे नेमके बसावेत म्हणून पुठ्ठ्यावर दोन पट्ट्या काटकोनात चिकटवा आणि दर वेळी कागदाचा तोच कोपरा त्यात टेकवा. कोपऱ्यामागे पेन्सिलीची खूण हवीच.

दसऱ्याला आपटा, तांबूस रंगात. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला, शेतात जाल तेव्हा करडईचं पान आणा, काटेरी कड फार छान उमटते. भाजीला खुडतानाच चार पानं बाजूला ठेवली तरी चालेल. रुईला मात्र हात लावू नका, चीक डोळ्यात गेला तर भलतंच व्हायचं. सगळी पानं मधोमध घेतलीत तर नुसता चिखल दिसेल. तिसरा हिस्सा कागद कोरा राहू द्या.

चैत्रातली कोवळी पालवी दाबली की लगदा होते, म्हणून शेवटी पिंपळाची जाळी. त्यासाठी पानं आताच पाण्यात घाला, चार-पाच दिवसांनी पाणी बदला. तीन-चार आठवड्यांत गर सुटला की जुन्या मऊ टूथब्रशनं अलगद काढा. जाळीवर रोलर फिरवू नका, ती त्यालाच गुंडाळते. गडद निळा स्पंजनं टिपत लावा, मीडियमशिवाय.

कागदांमध्ये बटर पेपर घाला. पत्र्याच्या खोलीत तर ठेवूच नका. वैशाखात अ‍ॅक्रिलिक मऊ पडून कागद एकमेकांना चिकटतात. रोलर तिथल्या तिथं धुवा.

तुमची,
लेक